आक्काची सम

कार्यक्रम कोल्हापुरात असो की धारवाडात, मंचावर चढल्याबरोबर आक्का पहिलं काम एकच करायची. आपल्यासाठी अंथरलेली गादी दोन्ही हातांनी धरायची आणि ओढत ओढत मधोमध आणायची. तबलजीची जागा कडेला, गायकाच्या उजव्या हाताशी, ही मंडपवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यात त्यांचा तरी काय दोष? एकदा असाच एक मंडपवाला धावत आला.

"बाई, मधी नगा बसू. ती गाणाऱ्याची जागा हाय."

"गाणारं कोन हाय आज?"

त्यानं आठवून पाहिलं. "आज तसं कोन न्हाय."

"मग मधी कोन बसनार? समई? कडंला बसाय मी काय चपला राखाय आलोय व्हय?"

'आलोय' हे मी चुकून लिहिलेलं नाही. आमच्याकडच्या पुष्कळ बायका स्वतःविषयी असंच बोलतात, आणि आक्काच्या तोंडी तर दुसरं काही शोभलंच नसतं.

तिचं नाव इंदुमती. कार्यक्रमपत्रिकेवर ते छापलेलं असायचं, पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्या नावानं हाक मारली असती तर तिनं वळूनसुद्धा पाहिलं नसतं. पेठेत ती सगळ्यांचीच आक्का. तिनं आयुष्यभर तबला वाजवला आणि तो एकटीनं वाजवला. गाण्याला साथ केली नाही, नाचाला नाही, सतारीला नाही. लोकांना हे पटकन उमगायचं नाही. "तबला वाजवता? वा. कुणाबरोबर?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "तबल्याबरोबर."

अशा एकल वादनात तबल्याशेजारी एक पेटीवाला बसतो. सुरांची एकच ओळ, तालाच्या बरोबर एका फेऱ्याएवढी, तो पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तिला नगमा म्हणतात. तबला कितीही दूर भटकून आला तरी त्या ओळीवरून ऐकणाऱ्याला कळत राहतं, की आपण तालात कुठं आहोत आणि फेऱ्याची पहिली मात्रा, म्हणजे सम, कधी येणार. कित्येक वर्षं आक्काच्या शेजारी बसून ती ओळ वाजवणारा माणूस मी. आज मला ओळखणारे लोक गायकांचा पेटीवाला म्हणून ओळखतात. त्याआधी मी कुणाचा होतो हे मी फारसं कुणाला सांगत आलो नाही. का सांगत आलो नाही, ते पुढं येईलच.

आक्का मूळची कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची. घरी शेती थोडी, म्हशी बऱ्याच. वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे आणि सकाळी सायकलला किटल्या अडकवून मंगळवार पेठेत दूध घालायचे. सुट्टीच्या दिवशी ही मागं बसून यायची. रतिबाच्या घरांत एक घर तबला शिकवणाऱ्या गुरुजींचं होतं. दूध घालून झालं तरी ही पोरगी दारातून हलेना, म्हणून गुरुजींनी एकदा विचारलं, "काय गं, उभी का?"

"तुमचा त्यो पोरगा कवापासनं एकाच जागी चुकतोय. सुदारतोय का बगतोय."

गुरुजींनी तिला आत बोलावलं आणि म्हणाले, तू वाजवून दाखव. आता इथं माझ्यासारख्या सांगणाऱ्यानं 'आणि तिनं ते वाजवलं' असं म्हणावं अशी वाचकाची अपेक्षा असणार. तिला नाही आलं वाजवता. तीही त्याच जागी चुकली. हे ती स्वतः सांगायची, खो खो हसत. "तवा कळालं, कानाला कळनं येगळं न् हाताला कळनं येगळं. हाताला कळाय दूध घालून भागत न्हाय." गुरुजींनी तिला ठेवून घेतली ती त्या हसण्यामुळं, असं माझं मत आहे. चुकल्यावर रडणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

मला तिनं शोधलं तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर होतो. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, आणि संध्याकाळी पेठेतल्या भजनी मंडळात पेटी. आक्का माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. भजन संपल्यावर सरळ समोर येऊन उभी राहिली.

"दिनू न्हवं तू? एकच ओळ तासभर वाजवशील का?"

"वाजवीन की."

"कटाळा येतो का तुला?"

"येतो."

"येऊ दे. बोलतोस कमी, ते बरं हाय. पेटीवाले लई बोलत्यात."

माझ्या गप्प बसण्याचं त्याआधी कुणी कौतुक केलं नव्हतं. मला ते फार आवडलं. तो गुण आहे असं मी पुढं बरीच वर्षं धरून चाललो.

तिच्या घरी रियाझ चालायचा. माळ्यावरच्या खोलीत ती, मी, आणि खाली दार उघडं टाकून भाजी निवडत बसलेले दाजी. दाजी म्हणजे तिचे यजमान. ते शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. तिथल्या आवाजानं त्यांचे कान बसले होते. आक्का म्हणायची, "म्हनून संसार टिकला माझा. दुसरा कोन रोज चार तास धा धिं धिं धा ऐकनार?" पण दाजी प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, पुढं कडेच्या खुर्चीत बसायचे आणि माझ्या हाताकडं बघायचे. तबल्यावरचे हात त्यांना दिसायचे, पण त्यातलं काही धरता यायचं नाही. माझा हात मात्र दर फेऱ्याला त्याच पट्ट्यांवरून तसाच वर चढायचा आणि तसाच खाली यायचा. त्यावरून ते सम ओळखायचे आणि बरोबर समेवर मान हलवायचे. शेजारच्याला वाटायचं, काय जाणकार माणूस आहे.

सुरुवातीला मी नगम्यात एखादी हरकत, म्हणजे सुरांची लहानशी मुरड, घ्यायचो. तरुण हात, गप्प बसवत नसे. आक्का लगेच थांबायची. "दिनू, नगमा म्हंजे खुंटा. म्हस कितीबी फिरू दे, खुंट्यानं फिरायचं न्हाय."

"म्हणजे म्हैस कोण, तू?"

"व्हय की. आनि दूधबी मीच देतोय."

तिचा हात मी काय वर्णन करू? तबल्यातलं न कळणाऱ्यालाही तिचं वाजवणं बोलण्यासारखं ऐकू यायचं. पेशकार म्हणजे वादनाचा आरंभ, तो ती इतका सावकाश उलगडायची, की जणू एखादी बाई दारात बसून शेजारणीला काल काय झालं ते सांगते आहे. आणि शेवटी चक्रदार. एक लांबलचक रचना अख्खी तीनदा वाजवायची, आणि तिसऱ्या खेपेचा शेवटचा 'धा' अचूक समेवर पडला पाहिजे. त्यात एका मात्रेची गफलत चालत नाही. तो हिशेब आक्का बोटांवर करत नसे. "इमान उतरतं तवा काय ड्रायवर बोटं मोडत बसतो का? जमीन दिसतीया की." तिला जमीन दिसायची.

गावातल्या संगीत मंडळानं तिला वार्षिक संमेलनात पहिल्यांदा एकल वादनासाठी बोलावलं, तेव्हा पेठेतले निम्मे लोक आले होते. गडमुडशिंगीहून तिच्या माहेरची माणसं टेम्पोनं आली. पुढच्या रांगेत मंडळाचे सर्वेसर्वा आप्पासाहेब. ज्यांच्या एका शब्दावर इथल्या कलावंताला पुढच्या गावचं आमंत्रण मिळायचं, ते आप्पासाहेब. त्यांच्या शेजारी पुण्याचे एक मोठे गायक, ज्यांचं गाणं नंतर व्हायचं होतं. त्यांना इकडच्या कार्यक्रमांसाठी पेटीवाला हवा आहे, हे मला दुपारीच कळलं होतं.

आक्कानं झपताल घेतला होता. दहा मात्रांचा ताल, पाच आणि पाच अशा दोन अर्धांचा. पहिल्या अर्धाच्या सुरुवातीला सम, तिथं टाळी. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला खाली, तिथं हात मोकळा पसरायचा. माझ्या नगम्याचेही दोन अर्ध होते, एकाच वळणाचे; पहिला वर चढायचा, दुसरा तसाच खाली यायचा. तिनं तासभर असं वाजवलं, की आप्पासाहेबांसारखा माणूस मांडीवर थाप मारून दाद देत होता. दाद देताना त्यांचा ताल सुटायचा आणि नगमा ऐकून ते पुन्हा धरायचे. सगळेच श्रोते तसं करतात. नगमा असतोच त्यासाठी.

मग तिनं चक्रदार सुरू केला. सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर होते. आणि मला वाटलं, त्या पुण्याच्या गायकानं एकदा तरी माझ्याकडं बघावं. मी एक हरकत घेतली. छोटीशी, वरच्या षड्जाला शिवून खाली येणारी. फार गोड आली. त्या गोडीत मी दुसरा अर्ध वाजवायच्या जागी पहिला अर्धच पुन्हा वाजवला.

पाच मात्रा. तेवढीच चूक. कळली तेव्हा मी पुढं गेलो होतो आणि आक्का चक्रदाराच्या तिसऱ्या खेपेत होती. तिथं तिला वळता येत नाही. विमान उतरत असतं. तिचा शेवटचा 'धा' तिनं जिथं योजला होता तिथं, खऱ्या समेवर पडला. माझा नगमा त्या क्षणी 'खाली'च्या मात्रेवर होता. आप्पासाहेब नगम्यावरून ताल धरत होते. आक्काची थाप पडली तेव्हा त्यांचा हात हवेत मोकळा पसरलेला होता. तो हात मला अजून दिसतो.

आक्कानं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. लगेच एक छोटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, उचलली आणि माझ्या समेवर, चुकलेल्या समेवर, येऊन थांबली. टाळ्या झाल्या. ऐकणाऱ्यांना वाटलं, बाई चुकल्या पण सावरलं छान. नगम्याशी मंचावर भांडायचं नसतं. ते भांडण श्रोत्यांना दिसलं की मैफल मोडते. तिनं मैफल वाचवली आणि स्वतःचा हिशेब माझ्या चुकीवर ठेवून दिला.

कार्यक्रमानंतर मंचामागच्या खोलीत आप्पासाहेब आले. "इंदुमतीबाई, शेवटी काय झालं?"

मी तिथंच होतो, पेटीचा भाता बंद करत. आक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "झालं खरं काय तरी."

बोलायची ती वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. मी पेटीला खोळ घातली.

घरी जाताना रिक्षात दाजी मला म्हणाले, "पावणं, आज तुमचा हात दोनदा वर चढला."

आक्का त्यांच्या कानाशी वाकून, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "तुमास्नी काय कळतंय त्यातलं? गप बसा."

"ऐकाय येत न्हाय मला. दिसतंय की."

"दिसलं तर दिसलं. मधी कोन बसलं हुतं? मी बसलो हुतो. मधी बसनाऱ्यानं सगळं अंगावर घ्यायचं असतं." मग माझ्याकडं वळून साध्या आवाजात, "जेवून जा दिनू. भाकरी हाय."

मी जेवून गेलो. तेही आज सांगायला हवं.

आप्पासाहेबांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ते फक्त खरं वाटलं ते बोलत राहिले: "बाईंचा हात चांगला आहे, हिशेब कच्चा आहे." गायकाच्या तबलजीला हे बोल चालून जातात. एकट्यानं वाजवणाऱ्याचा हिशेब कच्चा म्हणजे हॉटेलवाल्याचं पाणी खराब म्हणण्यासारखं. इथल्या संमेलनाचं बोलावणं बंद झालं, आजूबाजूच्या गावांची आमंत्रणं बंद झाली. येत ती साथीची. एक कार्यवाह घरी आले, मोठ्या गायिकेचं नाव सांगून म्हणाले, "आक्का, साथीला बसा. त्या निमित्तानं परत मंचावर याल."

"मंचावर न्हवं, मंचाच्या कडंला." आक्कानं त्यांना चहा दिला. "च्या घ्या. साथ वाईट न्हाय वो. चांगली साथ कराय जन्म जातो. पर ज्याला जे येतं त्यानं ते करावं. कुत्रं राखन करतं, म्हस राखन कराय बसली तर घर बी जाईल न् दूध बी."

आणि मी? त्या पुण्याच्या गायकाच्या लोकांनी मला बोलावलं. मी गेलो. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. आक्काकडं रियाझाला जाणं कमी झालं आणि मग थांबलं; तिनं का म्हणून विचारलं नाही. प्रवासात, मैफलीनंतर, कुणीतरी हटकून विषय काढायचं: "तुम्ही होतात ना तेव्हा पेटीवर? खरंच सम चुकल्या का बाई?" आणि मी म्हणायचो, "होतं असं कधी कधी."

खोटं नव्हतं त्यात काही. होतंच असं कधी कधी. कुणाच्या हातून झालं, तेवढंच मी त्या वाक्यात ठेवत नसे. किती गावांत मी ते वाक्य बोललो असेन. मंचावरची चूक वयाची होती. ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत बोललो.

मधे एका वर्षी खंडेनवमीला मी दाजींच्या फाउंड्रीत गेलो. आमच्या कारखान्यातली पूजा उरकली होती आणि कुणीतरी म्हणालं, पलीकडं आक्का वाजवतेय. भट्टी बंद होती. मोल्डिंगच्या पेट्या भिंतीला सरकवल्या होत्या, यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, आणि शेडच्या मधोमध सतरंजीवर आक्का. पत्र्याखालच्या उष्णतेनं तबल्याचं कातडं ताणून सूर चढत होता. ती दर थोड्या वेळानं हातोडीनं तो उतरवत होती आणि शिव्या देत होती. शेजारी पेटीवाला नव्हता. डबीएवढं एक यंत्र ठेवलेलं, त्यातून नगमा वाजत होता. मला बघून ती म्हणाली, "ये पावण्या. हे बघ, हे आनलंय. लई गुनी हाय. ह्याला टाळ्या नगत."

तिनं झपतालच घेतला. तोच चक्रदार घेतला. मी खांबाला टेकून उभा होतो आणि माझा हात आपोआप ताल धरू लागला. तिसऱ्या खेपेचा शेवटचा 'धा' समेवर असा बसला, की माझ्या शेजारच्या मोल्डरनं मान खाली घातली, जणू त्याच्याच खांद्यावर हात पडला. मग तो मला म्हणाला, "पावणं, आमास्नी ह्यातलं काय कळत न्हाय. पर बाई आता पोचनार, हे आदी कळाय लागलंय. असं कसं वो?" मला त्याला उत्तर देता आलं असतं. मी बाहेर पडलो.

बाहेरच्या जगानं तिला उचललं ते असंच, कुणाच्या शिफारशीवाचून. धारवाडात एकानं ऐकलं, त्यानं बेळगावात सांगितलं. मग पुणं, मग पार कलकत्त्यापर्यंत. मी गायकांबरोबर फिरायचो तेव्हा जाणकार मंडळी मला म्हणायची, "तुम्ही कोल्हापूरचे? मग तुमच्या बाईंचा झपताल रोज ऐकत असाल." माझी छाती भरून यायची, आणि आतून कुणीतरी विचारायचं, की तुझा काय संबंध. तिच्या माळ्यावर मुली शिकायला येऊ लागल्या, इचलकरंजीच्या, निपाणीच्या. त्यांतली प्रत्येक मुलगी आधी एकटीनं वाजवायला शिकायची, मग साथ. जगात सगळे याच्या उलट करतात. आक्का म्हणायची, "पयलं घर बांदा, मग शेजार करा."

फक्त स्वतःच्या गावात, त्या एका मंचावर, तिला कुणी बोलावलं नाही. ती कधी बोलली नाही त्याबद्दल, पण कलकत्त्याहून आलेला हार कुणी भिंतीवर लावू पाहिला तेव्हा म्हणाली, "काढ. गावात वाजवल्याबिगर मिरवायचं न्हाय." दाजी तोवर गेले होते. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, की दाजी, तुम्ही बरोबर बघितलं होतं.

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. आप्पासाहेब नाहीत, नवी माणसं आहेत, आणि वयामुळं मलाही त्यांनी समितीत घेतलं आहे. आक्काचा सत्कार करायचा, शाल, श्रीफळ, मानपत्र. तिला विचारलं तर तिचा उलट निरोप आला: "शाल नगं. तासभर द्या."

एक तरुण सदस्य अडखळत म्हणाला, "आदर आहेच हो. पण आप्पासाहेब म्हणायचे ना, हिशेब कच्चा. आता तर वयही झालं. मंचावर काही झालं तर त्यांचंच वाईट दिसेल. सत्कारच करूया." आणि मग सगळे माझ्याकडं वळले. "तुम्ही होतात ना तेव्हा? खरंच चुकलं होतं का?"

तो मुलगा त्या कार्यक्रमाच्या वेळी जन्मलाही नसेल. माझं वाक्य तो जन्मभर ऐकत मोठा झाला होता. तेच वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. 'होतं असं' इथपर्यंत मी बोललोही. मग थांबलो.

"सम चुकली नव्हती," मी म्हणालो. "नगमा चुकला होता. मी पहिला अर्ध दोनदा वाजवला. त्यांचा धा बरोबर पडला होता. चुकलो मी, आणि तेव्हापासून गप्प बसलो."

मग अध्यक्षांनी विचारलं, "अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" मला चांगलं उत्तर सुचलं असतं तर मी ते इथं लिहिलं असतं. मला पेटीवाला म्हणून नाव हवं होतं. मिळालं. एवढंच आहे ते.

तासभर द्यायचा ठरला.

मी तिथून आक्काच्या घरी गेलो. मंगळवार पेठेत बातमी माणसाच्या आधी पोचते. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"आलास व्हय ओकून सगळं?"

"आक्का, तुला आधी सांगायला हवं होतं."

"मला काय सांगतोस? माझ्या कानात बोळं हुतं का? ज्यास्नी ठावं नव्हतं त्यास्नी सांगायचं हुतं. लई उशीर केलास." तिनं आत, दाजींच्या फोटोकडं हात केला. "ह्यास्नी तरी सांगायचं हुतंस. जाईस्तोवर म्हनत हुतं, मी बगितलंय, दोनदा चढला हात. मी येडं ठरवलं त्यास्नी, तुझ्यापायी."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, "माफ कर."

"माफ कवाच केलंय. भाकरी वाडली न्हवं त्याच दिवशी?" मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, ती हसली. "पेटी मातर देत न्हाय. नगमा मंजिरी धरनार, माझ्याकडं शिकती ती. पोरगी ठोंब्यासारखी बसती, हरकत घेत न्हाय. तू म्होरं बस. तू कवा बसून ऐकलंयस का मला? शेजारी बसून नुसता सोताला ऐकत हुतास."

मी पुढं बसलो. पहिल्यांदाच तिला समोर बसून ऐकलं. तो तिचा शेवटचा मंच होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बोटं आखडू लागली होती. आता ती फक्त शिकवते. त्या दिवशी पेशकारातच थिएटर गप्प झालं. समितीतला तो तरुण माझ्या बाजूला ताल धरून बसला होता. चक्रदाराच्या तिसऱ्या खेपेला त्याचा हात आणि माझा हात आणि आमच्या मागच्या शेकडो लोकांचे हात एकदम खाली आले, आणि आक्काचा 'धा' त्या सगळ्यांच्या बरोबर मधे पडला. मी तिचा कुणी नव्हतो, ना शिष्य, ना नात्याचा. तरी ती माझ्या गावची आहे, एवढ्यावर मी ताठ बसलो होतो.

आत गर्दी होती. पाया पडणारे, फोटो काढणारे. जो तो म्हणत होता, अप्रतिम, अप्रतिम. आक्का पंख्याखाली बोटं चोळत बसली होती. मला बघून तिनं सगळ्यांना हातानं बाजूला सारलं.

"दिनू, कसं झालं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. छान म्हणणं सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं.

"सगळं बसलं," मी म्हणालो. "चक्रदाराच्या दुसऱ्या खेपेत शेवटचा धा तेवढा हलका पडला."

अध्यक्षांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू आता याला बाहेर काढावं.

"हलका न्हवं," आक्का म्हणाली. "पडलाच न्हाय. बोट आखडलं." ती मंजिरीकडं आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्या मुलींकडं वळली. तासभर वाजवूनही जो अभिमान तिच्या तोंडावर दिसला नव्हता, तो आता दिसत होता.

"ह्याला इचारत जावा गं," ती म्हणाली. "ह्यो आता खरं सांगाय लागलाय."